चार पंप रात्री कुठे ठेवायचे? पुण्याच्या पूर-नकाशाविषयी

प्रश्न एका विद्यार्थिनीचा आहे, थोडा आवरून देतो; कंसातले खुलासे माझे. "मी पुण्यात भूगोलात एम.एस्सी. करते. प्रबंधासाठी शहराचा पूर-असुरक्षितता नकाशा करतेय. बारा थर घेतलेत: उंची, उतार, वक्रता, टीडब्ल्यूआय (जमिनीच्या चढउतारावरून पाणी कुठे साचेल ते सांगणारा निर्देशांक), प्रवाहघनता, नदीपासूनचं अंतर, पाऊस, माती, भूवापर, लोकसंख्येची घनता, रस्त्यापासूनचं अंतर आणि साक्षरता. एएचपीने (निकषांची जोडी-जोडीने तुलना करून प्रत्येकाचं महत्त्व ठरवायची पद्धत) वजनं काढली, सीआर (त्या तुलनांमधली विसंगती मोजणारा आकडा) ०.०७ आला. पण मुठेकाठचा सगळा पट्टा लाल येतो आणि आंबिल ओढ्याकडचा भाग, कात्रजपासून खाली, पिवळा-हिरवा. २०१९ मध्ये तिथेच माणसं गेली. वजनं फिरवून पाहिली, फार फरक पडत नाही. फझी एएचपी किंवा टॉप्सिस (अशाच आणखी दोन निर्णयपद्धती) वापरलं तर सुधारेल का?"

नाही सुधारणार. पण नकाशा चुकतोय हे तुमचं तुम्हालाच खटकलं, ही निम्मी लढाई झाली. बरेच जण सीआर ०.१ च्या खाली आला की छपाईला जातात.

मीही गेलो होतो. वीसेक वर्षांपूर्वी असाच एक नकाशा मोठ्या कागदावर छापून एका बैठकीत भिंतीला लावला होता. क्षेत्रीय कार्यालयातले एक कनिष्ठ अभियंता चहाचा कप हातात घेऊन बराच वेळ त्याच्यासमोर उभे राहिले. मग म्हणाले, "साहेब, नदीकाठ लाल आहे हे मला माहितीये. माझ्याकडे पंप चार आहेत. ते रात्री कुठे ठेवू?" माझ्या नकाशात याचं उत्तर नव्हतं. बहुनिकष निर्णयपद्धती वापरली, पण निर्णय कुठला घ्यायचाय हे कुणालाच विचारलं नव्हतं. पंप कुठे ठेवायचे, कुठल्या सोसायटीला आधी उठवायचं, रस्त्याखालची कुठली मोरी या उन्हाळ्यात मोठी करायची, हे तीन वेगळे निर्णय आहेत. तिन्हींचे निकष वेगळे, वजनं वेगळी. शहराचा एक सर्वसाधारण नकाशा यातल्या एकालाही पुरत नाही.

पुण्यात तर त्याआधीच गाडी अडते, कारण इथे पूर दोन आहेत.

पहिला मुठेचा. टेमघर, पानशेत, वरसगाव आणि सगळ्यांत खाली खडकवासला, अशी ही साखळी. चौघांचा मिळून साठा सुमारे २९.१५ टीएमसी, पण त्यात खडकवासल्याचा वाटा दोन टीएमसीलाही जरासा कमी. म्हणजे वरून काही सोडलं, किंवा मधल्या मोकळ्या पाणलोटात पाऊस कोसळला, की हा शेवटचा हंडा लगेच काठोकाठ भरतो आणि दारं उचलावी लागतात. २५ जुलै २०२४ ला तेच झालं. पहाटे विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या आसपास गेला आणि सिंहगड रस्त्यालगत एकतानगरी, विठ्ठलवाडीकडच्या सोसायट्यांत पाणी शिरलं. १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर याच नदीचा, पण तो धरण फुटून आलेला. त्याचा अभ्यास वेगळा करतात. नेहमीच्या वजनांच्या खेळात तो घालू नका.

दुसरा पूर ओढ्यांचा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आला तो. कात्रजच्या डोंगरात थोड्या वेळात प्रचंड पाऊस झाला आणि पद्मावती, सहकारनगर, अरण्येश्वर भागात सीमाभिंती पाडत पाणी घरांत घुसलं. शहरात आणि आसपास वीसहून अधिक माणसं दगावली. या पुराला धरण नाही, दरवाजा नाही, विसर्गाचा आकडा नाही. ढग आणि घर यांच्यामध्ये फक्त उतार.

आता तुमच्या थरांकडे बघा. मुठेच्या पुराचा पाऊस टेमघर-पानशेतच्या घाटात पडतो, तुमच्या नकाशाच्या चौकटीबाहेर. ओढ्याच्या पुराला कारण एका तासाचा पाऊस. तुम्ही घेतलाय वार्षिक सरासरीचा थर, चार-पाच पर्जन्यमापकांमधून ओढूनताणून काढलेला. तो दोन्ही पुरांना निरुपयोगी आहे. त्यात दिसतात ती केंद्रांभोवतीची गोल वर्तुळं. काढून टाका. मातीचा थरही काढा. सहकारनगरात पाणी डांबरावर आणि फरशीवर पडतं, खाली बेसाल्टच्या वर कुठली माती आहे ते त्या रात्री कोण विचारतंय?

उंचीचा घोटाळा मात्र सावकाश समजून घ्या, कारण कात्रज हिरवं येण्याचं मुख्य कारण तोच आहे. तुम्ही समुद्रसपाटीपासूनची उंची घेतलीत. जास्त उंच म्हणजे जास्त सुरक्षित, असं मॉडेलला सांगितलंत. कात्रज मुळा-मुठेच्या संगमापेक्षा कितीतरी वर आहे, म्हणून ते सुरक्षित ठरलं. पण ओढ्याच्या काठावरच्या घराला समुद्र कुठे आहे याच्याशी काय देणंघेणं? त्याला विचारायचं ते एवढंच की ओढ्याच्या तळापासून तुझा उंबरा किती वर. याला 'हँड' म्हणतात, म्हणजे जवळच्या प्रवाहापासूनची उंची. फक्त हा एक थर बदललात तरी आंबिल ओढा, भैरोबा नाला, रामनदी, नागझरी हे सगळे नकाशात वर येतील. वजनांना हातही न लावता.

दुसरं, तुमची चौकट आयताकृती आहे का? असेल तर नैर्ऋत्य कोपऱ्यात सिंहगड आला असणार. किमान-कमाल पद्धतीने तुम्ही उंची ० ते १ मध्ये बसवता. नदीपात्र साधारण ५४० मीटर, सिंहगड १३०० च्या घरात. म्हणजे ७६० मीटरचा पल्ला. त्यात पात्रालगतच्या दोन सोसायट्यांमधला दोन मीटरचा फरक होतो ०.००२६. एका सोसायटीत तळमजला बुडतो, दुसरीत पायरी ओली होते, आणि तुमच्या मॉडेलच्या लेखी दोन्ही सारख्याच. शहरात फरक पडतो तो पहिल्या आठ-दहा मीटरमध्ये. त्यापुढची सगळी उंची एकाच मापाने 'सुरक्षित' धरा, पल्ला तिथेच तोडा.

आणि डीईएम, म्हणजे जमिनीच्या उंचीचा डिजिटल नकाशा. एसआरटीएम असो, कार्टोसॅट असो, फुकटात मिळणारा बहुतेक ३० मीटरच्या पिक्सेलचा. ओढा सहा-आठ मीटर रुंद, तो एका पिक्सेलच्या पाव भागात मावतो. उरलेल्या पाऊण भागात इमारतीचं छत, गुलमोहर आणि वाहनतळाची शेड. एसआरटीएमची मोजणी फेब्रुवारी २००० ची, त्यानंतर सिंहगड रस्त्यावर काय काय उभं राहिलं ते तुम्ही रोज बसमधून बघता. १२.५ मीटरचा एलॉस पाल्सारचा डीईएम घेतला म्हणजे बारकावा आला, असंही समजू नका. त्याच्या दुरुस्त केलेल्या चित्रांसोबत जो मिळतो तो जुन्याच डीईएमचे तुकडे बारीक करून दिलेला असतो. दुधात पाणी घातलं की लिटर वाढतात, दूध नाही.

याहून वाईट प्रकार रस्त्यांचा. ओढा रस्त्याखालून मोरीतून जातो, पण डीईएमला मोरी दिसत नाही, रस्ता बांधासारखा दिसतो. खड्डे बुजवण्याची आज्ञा दिली की सॉफ्टवेअर त्या 'बांधा'मागे तळं भरतं आणि पाणी भलत्याच गल्लीतून वाहवतं. माझ्या एका नकाशात एका टेकडीवरची जुनी दगडखाण शहरातली सर्वांत धोक्याची जागा ठरली होती. त्यामुळे प्रवाह डीईएममधून काढत बसू नका. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने स्थलदर्शक नकाशे, ४७ एफ/१४ आणि ४७ एफ/१५, जिओरेफरन्स करा (अक्षांश-रेखांशांवर बसवा), ओढे हाताने काढा, उपग्रहचित्रावर आजचा मार्ग ताडून बघा आणि मग ते डीईएममध्ये कोरून बसवा. चार दिवसांचं कंटाळवाणं काम आहे, पण या कामात जुना ओढा कुठे होता आणि आज त्यावर काय आहे हेही हाती लागतं. पुण्याला ओढे वळवण्याची सवय जुनी. आंबिल ओढ्याचा प्रवाह पेशवाईतच वळवलेला. आपण फक्त वळवायचं सोडून बुजवायला लागलो.

आता वजनं. बारा निकषांच्या ६६ जोड्या होतात. ६६ वेळा 'हे त्याच्यापेक्षा किती पट महत्त्वाचं' असं विचारलं की विसाव्या जोडीनंतर तज्ज्ञ घड्याळाकडे बघत ३ लिहीत सुटतो. मीही लिहिलेत. पाच-सहा निकषांवर आणा. पाचांच्या जोड्या फक्त दहा. कमी करणं अवघडही नाही, कारण तुमचे उंची, उतार, वक्रता, टीडब्ल्यूआय, प्रवाहघनता आणि नदीचं अंतर हे सहाही त्याच एका डीईएममधून निघालेत. टीडब्ल्यूआयच्या सूत्रात तर उतार छेदातच बसलेला आहे. एकाच साक्षीदाराला सहा नावांनी पिंजऱ्यात उभं करून सहा साक्षी झाल्या म्हणायचं, असा हा प्रकार. म्हणूनच वजनं फिरवून तुमचा नकाशा हलत नाही: एकाचं कमी केलंत तर तेच वजन त्याच्या भावाकडे जातं.

सीआरबद्दलही एक गोष्ट स्वतः करून बघा. समजा तीनच निकष आहेत: तळमजल्यावर झोपणारी कुटुंबं, इशारा मिळायला लागणारा वेळ, आणि एकटे राहणारे वृद्ध. पहिला दुसऱ्यापेक्षा ३ पट, पहिला तिसऱ्यापेक्षा ५ पट, दुसरा तिसऱ्यापेक्षा २ पट. वजनं येतात साधारण ०.६५, ०.२३ आणि ०.१२, सीआर ०.०१ च्याही खाली. झकास. आता तक्ता पूर्ण उलटा करा. जिथे ३ तिथे १/३, जिथे ५ तिथे १/५. प्राधान्य अगदी उलटं झालं, पण सीआर तोच राहिला, दशांशालाही हलला नाही. टॉमस साटींनी १९७० च्या दशकात ही पद्धत मांडली तेव्हा सीआरचं काम तज्ज्ञ स्वतःशी विसंगत बोलतोय का, एवढंच तपासण्याचं होतं. तो बरोबर बोलतोय का, हे सीआरला कळत नाही. ठामपणे चुकीचं बोलणाऱ्याचा सीआर फार सुंदर येतो.

फझीने मतांमधला संदिग्धपणा हाताळता येतो, नकाशात नसलेला ओढा आणता येत नाही. टॉप्सिसचा उपयोग आहे, पण पिक्सेलवर नको. उत्तम आणि वाईट या दोन आदर्श टोकांपासून प्रत्येक पर्याय किती लांब, हे तो मोजतो. म्हणून मुळात पर्याय हवेत: चाळीस वस्त्या, पंधरा मोऱ्या, तीस सोसायट्या. अभियंत्याच्या चार पंपांना हेच हवं. फक्त यादीत नवीन वस्ती घातली की आधीच्या दोघींचा क्रम कधीकधी उलटतो, म्हणून यादी आधी पक्की करा. आणखी एक सापळा: भारित बेरजेत एका निकषाची उणीव दुसरा भरून काढतो. घरात पाच फूट पाणी, पण रस्ता जवळ आणि साक्षरता चांगली, की एकूण गुण मध्यम! असं होऊ नये म्हणून एक-दोन निकषांना नकाराधिकार द्या. निळ्या पूररेषेच्या आत तळमजल्यावर राहतं घर असेल तर बाकी काहीही असो, ते वरच्या गटात. निळी रेषा म्हणजे ढोबळमानाने २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतला, हे तुम्हाला माहीत असेलच. पण रेषा आखल्यानंतर पात्रात राडारोडा पडला, भराव झाला, नवा पूल आला, तर तेवढ्याच क्युसेकला पाणी आधीपेक्षा वर चढतं. रेषा हा एक निकष समजा, शेवटचा शब्द नको.

इथवर सगळं पाण्याबद्दल झालं. तुमच्या बारापैकी नऊ थर पाण्याचेच आहेत, आणि शीर्षकात शब्द आहे असुरक्षितता. आयपीसीसीच्या (हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या) २००७ च्या अहवालात असुरक्षिततेत सामना (म्हणजे माणसं-घरं धोक्याच्या वाटेत असणं), संवेदनशीलता आणि जुळवून घेण्याची क्षमता असं सगळं एकत्र होतं. २०१४ च्या अहवालात धोका, सामना आणि असुरक्षितता वेगळे केले आणि तिघांतून जोखीम निघते असं मांडलं. तुम्ही कुठली व्याख्या घेताय ते पहिल्या प्रकरणात लिहा. तोंडी परीक्षेतली निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

माणसांची असुरक्षितता कशी दिसते ते सांगतो. नदीकाठच्या एका सोसायटीत पूर ओसरल्यावर महिन्याभराने गेलो होतो. भिंती रंगवून झाल्या होत्या. सुरक्षारक्षक म्हणाला, पाणी गळ्यापर्यंत होतं. समितीचे सचिव म्हणाले, कमरेपर्यंत. दोघांच्या उंचीत फूटभर फरक, त्यातून सचिवांना फ्लॅट विकायचा होता. शेवटी जिन्याखाली, जुन्या सायकलींमागे, रंगाऱ्याचा हात न पोचलेली जागा सापडली. गाळाची सरळ रेघ. टेप लावला: १४२ सेंटिमीटर. मग सहज म्हणून मीटरबोर्डाची खालची कड मोजली: ११८. या दोन आकड्यांत सगळं आलं. पाणी मीटरच्या वर गेलं, वीज तोडली, लिफ्ट बंद, पाण्याचा पंप बंद. चौथ्या मजल्यावरच्या आजोबांच्या घरात थेंबही शिरला नव्हता, पण ते तीन दिवस पिण्याच्या पाण्याविना आणि औषधांविना अडकून पडले. तुमच्या नकाशात ते हिरवे आहेत, कारण चौथा मजला.

ओढ्याकाठच्या वस्तीत निकष आणखी वेगळे. तिथे एका ताईंनी दार दाखवलं. दार बाहेर उघडतं, आणि बाहेर पाणी चढलं की त्याच्या दाबाने ते जागचं हलत नाही. पोरांना पोटमाळ्यावर चढवलं म्हणून वाचली. शेजारच्या खोलीला पोटमाळा नव्हता. दार कुठल्या बाजूला उघडतं आणि पोटमाळा आहे का, हे दोन प्रश्न कुठल्याही जनगणनेत नाहीत, पण रात्री अकरा वाजता साक्षरतेच्या टक्क्यापेक्षा तेच जास्त मोलाचे. विजेचंही तसंच. २५ जुलै २०२४ च्या पहाटे डेक्कनजवळ पुलाच्या वाडीत तीन तरुण गेले ते बुडून नव्हे, विजेच्या धक्क्याने. रस्त्यालगतचे डीपी बॉक्स आणि मीटर किती उंचीवर आहेत, हा थर आजवर मी कुणाच्या प्रबंधात पाहिलेला नाही. तुम्ही करा.

लोकसंख्येचा आकडा वापराल तर जपून. जनगणना २०११ ची, आणि महापालिकेत २०१७ मध्ये ११ गावं आली, २०२१ मध्ये आणखी २३. प्रभागांच्या हद्दी दर निवडणुकीला बदलतात. प्रभागभर लोकसंख्या सारखी पसरवलीत तर पर्वतीच्या टेकडीवरही माणसं झोपलेली दिसतील. इमारतींचे आराखडे घ्या, मजले मोजा, आकडा त्यांच्यावर वाटा.

पडताळणीत बहुतेक जण स्वतःलाच फसवतात. पुराचे बिंदू बातम्यांतून आणि तक्रारींतून येतात, म्हणजे जिथले लोक फोन करतात तिथून. आणि 'पूर न आलेले' बिंदू यदृच्छेने टाकले की निम्मे टेकड्यांवर पडतात. वेताळ टेकडी बुडत नाही हे ओळखल्याबद्दल मॉडेलला एयूसी (पूर आलेल्या आणि न आलेल्या जागा वेगळ्या ओळखण्याचा गुण, कमाल १) ०.९ मिळतो. हे बिंदूसुद्धा ओढ्यापासून ३०० मीटरच्या आतलेच घ्या. एयूसी खाली येईल, येऊ द्या. सेंटिनेल-१ च्या रडारचित्रांवर ओढ्याचा पूर शोधत बसू नका. उपग्रह काही दिवसांनी एकदा येतो, ओढा काही तासांत उतरतो, आणि उंच इमारतींच्या दाटीत रडारला पाणी नीट दिसतही नाही. नदीकाठाला नशीब असेल तर जमतं.

तुमच्याकडे वेळ बेताचा असणार. तेव्हा अख्खं पुणं सोडा. एक ओढा आणि मुठेचा एक तुकडा घ्या: आंबिल ओढा कात्रजपासून मुठेला मिळतो तिथपर्यंत, आणि मुठा विठ्ठलवाडीच्या आसपास. दोन वेगळे नकाशे, दोन वेगळे तक्ते. ओढ्याला हँड, मोऱ्यांची रुंदी, सीमाभिंतीमागची घरं, तळमजला, बाहेर पडायच्या वाटा. नदीला पूररेषा, मीटरबोर्डाची उंची, तळघरातलं पार्किंग, इशारा पोचायला लागणारा वेळ. शंभर भिंतींवर टेप लावा. वजनं विचारताना तज्ज्ञांत एक अग्निशमन दलाचा माणूस, एक वस्तीतली आशाताई (आरोग्यसेविका) आणि एक सुरक्षारक्षक धरा. त्यांचे तक्ते प्राध्यापकांच्या तक्त्यांपेक्षा वेगळे येतील, दोन्ही छापा, सरासरीत विरघळवू नका. मग वजनं वीस टक्के खाली-वर करून हजार वेळा क्रम लावा आणि कुठल्या वस्त्या दर वेळी पहिल्या दहात राहतात तेवढीच यादी क्षेत्रीय कार्यालयात द्या. रंगांच्या पाच गटांची गरज नाही. नैसर्गिक खंड पद्धत, म्हणजे आकड्यांमधल्या फटी बघून गट पाडणारी, काहीही झालं तरी कुणाला तरी 'अति तीव्र' ठरवतेच, महाबळेश्वरच्या माथ्यावरचा नकाशा केलात तरी.

टीडब्ल्यूआय वगळल्याचं मार्गदर्शकांना पटलं नाही तर वाद घालू नका. सहा थरांच्या परस्परसंबंधाचा तक्ता परिशिष्टात लावा आणि त्यांना तोच दाखवा.